शेवंतीला अंधार लागतो

नाशिक,
१४ जुलै २०२५

चि. विमल हिला सहादूचे आशीर्वाद.

तुझी आक्का मंगळवारपासून घरात नाही. आज सातवा दिवस. शेखरने तुला फोन केलाच असेल, पण फोनवर काय बोलणं होतं ते मला ऐकू येत नाही आणि विचारलं की पोरगा अर्धंच सांगतो. म्हणून कागद घेऊन बसलो. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुकलंमाकलं समजून घे.

मंगळवारी जेवून मी जरा आडवा झालो, माझा डोळा लागला. शेखर कारखान्यात, उज्वला बँकेत. उठून बघतो तर फाटकाची कडी निघालेली. तिच्या अंगावर हिरवं लुगडं, पायात काही नाही. चपला दाराशीच आहेत, त्या मी कुणाला उचलू दिल्या नाहीत.

तुला माहीत आहे, तीन वर्षांपासून तिला काही आठवत नाही. गंगापूर रोडवरून आत आलं की आमची ही चौदा रो-हाउसं, सगळी एका रंगाची, एका जाळीची. गेल्या वर्षी ती तीनदा दुसऱ्याच्या घरात शिरली आणि त्यांच्या सोफ्यावर बसून त्यांनाच म्हणाली, तुम्ही कोण. म्हणून तर मे महिन्यात तुझ्याकडून पांढऱ्या शेवंतीच्या काश्या, ते मुळं धरलेले फुटवे, मागवल्या आणि दारापुढे वाफा केला. रोज तिला सांगायचो, "कुसे, पांढरी फुलं दिसली की आपलं घर." तीही म्हणायची, "पांढरी फुलं, आपलं घर." पण काशीला फूल यायला दिवाळी उजाडते आणि ही जुलैत गेली. मी आधीच फुललेल्या कुंड्या आणायला हव्या होत्या. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

शेखरकडून फाटकावर मोठा दिवा लावून घेतला आहे. वाफ्यावर दिवसासारखा उजेड पडतो. संध्याकाळी मी बटण दाबतो, सकाळी बंद करतो. उज्वला म्हणते, शेजाऱ्यांच्या झोपेचं बघा. मी एकतीस वर्षं मनमाडकडे रुळावर गँगमन होतो. दुरुस्तीसाठी रूळ उघडा असला की दिवा ठेवायचा आणि गाडी निघून जाईपर्यंत हलवायचा नाही, मग पाऊस असो की साप.

ती सारखी घरी जायचं म्हणायची. घर म्हणजे नामपूर. कुणी सटाण्याच्या एसटीत बसवून दिलं असेल का? तुमच्या बापाच्या घराच्या जागी आता कांद्याची चाळ आहे, तिथे जाऊन बघ. ती तिथेच जाईल. लगेच लिही. आमचा पोस्टमन भरवशाचा नाही, पाकिटावर नाव मोठं घाल.

सहादू


नामपूर,
१९ जुलै २०२५

ती. दाजींना विमलचा नमस्कार.

आक्का इकडे आलेली नाही. तुमचं पत्र यायच्या आधीच मी फोटो घेऊन सटाण्याच्या स्टँडवर दोन दिवस बसले. कंडक्टर, रसवाला, शौचालयाच्या दारावरची बाई, सगळ्यांना दाखवला. चाळीवरच्या हमालांनाही सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, मावशी आली तर आधी चहा पाजू, मग तुम्हाला फोन करू.

ती लहानपणीही बाजारात माझा हात सोडून जायची. सापडली की उलट मलाच दरडावायची, "कोठे गयथी व तू?" आई मलाच मारायची. हे आठवून मला हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

तुम्ही जेवता का? औषध चुकवू नका. वाफ्यात पाणी साचू देऊ नका, शेवंतीचं मूळ पाण्यात दोन दिवसांत कुजतं. कडेने चर काढा. शेंडे खुडले का? वीतभर झाल्यावर प्रत्येक झाडाचा शेंडा नखाने खुडायचा, म्हणजे खालून फांद्या फुटतात आणि फुलं जास्त लागतात. अंगणवाडीत चाळीस पोरं सांभाळली मी, हात रिकामा राहिला की माणसाचं मन नको तिकडे जातं, एवढं मला कळतं.

तुमची,
विमल


नाशिक,
४ ऑगस्ट २०२५

चि. विमल,

तुझं पत्र मिळालं. त्यानंतर शेखर तीन दिवस नामपूरला राहून आला, पण त्याच्या हाती तू दोन ओळीसुद्धा दिल्या नाहीस. रागावलीस का?

तो आला तो डोक्याचा चकोट करून. मी घाबरलोच. म्हणाला, आई सापडावी म्हणून गडावरच्या देवीला केस दिले. मी म्हटलं, "अरे गाढवा, नवस आधी बोलतात आणि काम झाल्यावर फेडतात. देवीने अजून काही दिलंच नाही आणि तू आगाऊ हजामत करून बसलास!" त्याला हसू यावं म्हणून म्हणालो. तो हसला नाही. न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आजकालच्या पोरांना रीत माहीत नसते, पण आईसाठी केस दिले हे काही कमी नाही. कारखान्यात पोरं चिडवत असतील. तू भेटलीस की त्याला शाबासकी दे, मला ते जमत नाही.

उज्वलाचं मात्र काही कळत नाही. नागपंचमीला पुरणाचे दिंड केले नाहीत. विचारलं तर म्हणे गॅस संपला. चहा तर दिवसातून चारदा होत होता. सासू घरात नाही म्हणून सणही नको असं असेल. पण सण टाळू नये, माणूस परत यायचं असताना घरात असं करू नये. हे तिला तूच सांग. मी सांगितलं की ती रडते.

चर काढला आहे. शेंडे खुडून झाले. पानांच्या मागे बारीक काळे किडे बसले आहेत, हजारो. बोटाने पुसले तर चिकट लागतं. झाड जाईल का? मला रात्रभर तेच दिसतं. दिवा चालू आहे.

सहादू


नामपूर,
१२ ऑगस्ट २०२५

ती. दाजींना नमस्कार.

तो मावा आहे, झाड जाणार नाही. निंबोळीचा अर्क पाण्यात घालून पानांच्या मागच्या बाजूने फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. ऊन उतरल्यावर फवारा, भर उन्हात नको. झाडं वर गेली की काड्या रोवून सुतळीने सैल बांधा.

उज्वलाला मी काही सांगणार नाही. शेखरलाही तुम्ही काही बोलू नका. त्याने जे केलं ते आईसाठीच केलं.

शोध चालू आहे.

विमल


नाशिक,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. विमल,

मध्ये अडीच महिने पत्र नाही. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डॉक्टरने लिहायला-वाचायला मनाई केली होती. तूही लिहिलं नाहीस. दिवाळीला भाऊबीजेचा तुझा फोन आला म्हणून उज्वला म्हणाली, पण मला कुणी उठवलं नाही. मी नुसता पडलो होतो, झोपलो नव्हतो.

पोलीस चौकीत मी दोनदा गेलो. पहिल्यांदा हवालदार म्हणाला, बाबा, मुलाला पाठवा. दुसऱ्यांदा त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रिक्षात बसवून दिलं, भाडंही त्यानेच दिलं. पोलीस इतका चांगला कसा वागला याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. चांगली माणसं असतात, असं शेखर म्हणाला.

आता मुख्य गोष्ट. शेवंतीला एकही कळी नाही. झाडं माझ्या कमरेला आली आहेत, पानं हिरवीगार, तळहाताएवढी. कुठे रोग नाही, कीड नाही. शेणखत घातलं, खुरपणी केली, काड्या बांधल्या, पाणी बुंध्याशीच देतो, पानावर थेंब पडू देत नाही. कळी नाही म्हणजे नाही. नऊ नंबरवाल्या बाईने मेमध्येच माझ्याकडून सहा काश्या नेल्या होत्या. तिने मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडापाशी नुसत्या खोचल्या. तिच्याकडे दसऱ्यापासून पांढरंशुभ्र आहे. काल मी जाऊन बघून आलो. एकेरी पाकळी, मध्ये पिवळा डोळा, तीच जात. मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही फार लाड करता झाडांचे." मला हसता आलं नाही.

विमल, मला भीती वाटते ती ही. कुसा आज-उद्या आली आणि तिला पांढरी फुलं दिसली नऊ नंबरला, तर ती तिकडेच जाईल. मी त्या बाईला म्हणालो, तुझी फुलं तोडून टाक. तिने शेखरला बोलावून घेतलं. त्याने माझ्या वतीने माफी मागितली. घरी आल्यावर मला वाटलं आता ओरडेल, पण त्याने माझे पाय दाबले. हे सगळे माझ्याशी असे का वागतात?

फूल का येत नाही ते सांग. तू एवढी वर्षं शेवंती करतेस.

सहादू


नामपूर,
३ नोव्हेंबर २०२५

ती. दाजींना नमस्कार.

तुमचं खत-पाणी काही चुकलेलं नाही. तुमचा दिवा चुकतो आहे.

शेवंतीला रात्र लांब लागते. दिवस लहान झाले, अंधार वाढला, की ती कळी धरते. रात्रभर उजेड असला तर तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे आणि ती नुसती पानं वाढवत राहते. मी हे अनुभवाने शिकले. माझ्या विहिरीजवळच्या तुकड्याला लागून कांद्याची चाळ झाली, तिथे चोरांसाठी मोठा दिवा लावला. त्या वर्षी दिव्याकडच्या दोन ओळींना फूल धरलं नाही, बाकीचा तुकडा भरून गेला. मी मुळं उकरून बघितली, माती बदलली, देवाला नारळ फोडला. शेवटी चाळवाल्याने दिव्याला पत्रा लावला तेव्हा कळलं. नऊ नंबरच्या बाईच्या मागच्या अंगणात अंधार आहे, म्हणून तिच्याकडे फुलं आहेत.

दिवा बंद करा. अजूनही उशीर झालेला नाही. तीन आठवड्यांत कळी दिसेल, जानेवारीत फूल येईल.

बंद करा, दाजी. माझं एवढं ऐका.

विमल


नाशिक,
८ नोव्हेंबर २०२५

विमल,

दिवा बंद होणार नाही.

तू जे लिहिलंस ते मी दहादा वाचलं. खरं असेल. म्हणजे दिवा ठेवला तर फूल नाही आणि फूल हवं तर अंधार. अंधारात ती आली तर फुलं कशी दिसणार? उजेडात आली तर बघायला फुलंच नाहीत. मी हे कुणाला विचारू? मी पत्रा लावून बघितला, मग गल्लीत उजेड पडेना. वाफ्यावर शेखरची चादर टाकली, वाऱ्याने ती उडाली आणि दोन फांद्या मोडल्या. दिवस उजाडेपर्यंत मी त्या दोन फांद्या धरून बसलो होतो. उज्वलाने आत नेलं.

आता एक सांगतो. हे मी शेखरला सांगितलेलं नाही, पोलिसांच्या कागदावरही नाही. त्या दुपारी माझा डोळा लागला नव्हता.

मी वाफ्यात होतो. शेंडे खुडत होतो. वीतभर झाले की खुडायचे हे तू मेमध्येच सांगितलं होतंस, मी मोजून बघत होतो, कुठला वीतभर झाला, कुठला नाही. ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी घर जास." सकाळपासून विसाव्यांदा. आमच्याकडे बाहेर जाणारा "येतो" म्हणतो आणि घरातला म्हणतो "ये". एकतीस वर्षं मी ड्यूटीवर निघालो की ती दारातून "या" म्हणायची, एक दिवस चुकली नाही. त्या दिवशी मी मान वर केली नाही. म्हणालो, "जा." वैतागून म्हणालो. वर आणखी म्हणालो, "जा एकदाची." कडी वाजली असेल, मला ऐकू आली नाही. नाहीतर मी उठलो असतो. उठलो असतो असं मला वाटतं. पंधरा-वीस झाडांचे शेंडे राहिले होते, ते पुरे करून मी वळून बघितलं.

मी तिला जा म्हणालो म्हणून दिवा मीच ठेवणार. तुझी फुलं नकोत मला.

सहादू


नामपूर,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दाजी,

हे पत्र घरात कुणी नसताना उघडा आणि बसून वाचा. छातीत दुखलं तर जिभेखालची गोळी घ्या. आधी गोळी जवळ ठेवा.

आक्का नाही. वीस जुलैला, रविवारी, नाशिकच्याच कालव्यात सापडली. शेखरला चौकीवरून फोन आला, त्याने मला बोलावून घेतलं. ओळखली ती लुगड्यावरून आणि डाव्या हातावरच्या गोंदणावरून: "कुसुम" आणि तुळस, जत्रेत आईने आमच्या दोघींच्या हातांवर एकाच दिवशी गोंदवलं होतं. मी माझा हात दाखवला, तेव्हा त्यांनी कागदावर सही घेतली. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी गेली असणार, अंधार पडायच्या आत. त्याच संध्याकाळी कालव्यात शेतीसाठी सोडलेलं आवर्तनाचं पाणी होतं.

तिथूनच तिला स्मशानात नेलं. तुमच्या छातीचं दुखणं, डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हणून सांगितलेलं. शेखर म्हणाला, आठ दिवसांनी सांगू. मग म्हणाला, दहावा होऊ द्या. दहावा आम्ही इथे मोसम नदीवर केला, नाशिकला केला असता तर तुमच्या कानावर गेलं असतं. केस त्याने तिथे दिले. तुम्ही त्याला शाबासकी द्यायला सांगितलंत ते पत्र मी त्याला वाचून दाखवू शकले नाही. मग दिवाळी होऊ द्या म्हणाला. प्रत्येक दिवसाबरोबर सांगणं अवघड होत गेलं. उज्वलाने सुतक पाळलं, तेही लपून. सगळ्यांत जास्त तीच म्हणत होती की सांगा. मी शेखरला वचन दिलं होतं, ते आज मोडते आहे. त्याला हे पत्र माहीत नाही.

तुम्ही लिहिलंत ते मी वाचलं. "जा" म्हणाला नसतात तर ती गेली नसती, असं मी लिहिणार नाही, आणि गेलीच असती असंही लिहिणार नाही. मला माहीत नाही. मी आक्काची बहीण आहे, मला राग आला. दोन दिवस आला. मग तुम्ही मोडक्या फांद्या धरून बसलेले डोळ्यांसमोर आलात.

दिवा ज्या रात्री पहिल्यांदा लागला तेव्हाही कुणी यायचं नव्हतं, दाजी. आता बंद करा.

विमल


नाशिक,
२ डिसेंबर २०२५

विमल,

तुझं पत्र चोवीस तारखेला मिळालं. गोळी घेतली होती. काही झालं नाही. मला वाटत होतं होईल.

त्या संध्याकाळी मी बटण दाबलं नाही. शेखर कामावरून आला आणि अंधारात फाटकाला थडकला. "बाबा, दिवा?" मी म्हणालो, गेला असेल. दुसऱ्या दिवशी तो नवा दिवा घेऊन आला, स्टुलावर चढला, मी खाली स्टूल धरलं. वरून तो मला म्हणाला, "काळजी करू नका, आता हा पाच वर्षं जात नाही." मी मान हलवली. पाच रात्री तो दिवा जळला. त्याला वाटत होतं मी थांबलो आहे, आणि मला त्याला थांबवता येत नव्हतं.

रविवारी सकाळी चहा घेताना मी विचारलं, "शेखर, कुंकू कोणी लावलं?"

कुणाला, असं त्याने विचारलं नाही. कप खाली ठेवला. त्याचे ओठ हलले, मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मोठ्याने बोल. तो पुन्हा बोलला. मी म्हटलं, अजून मोठ्याने. मग त्याला ओरडूनच सांगावं लागलं. "मावशी लावत होती. मी म्हटलं, मी लावतो. बाबांच्या नावाने." समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई कपडे तसेच टाकून आत गेली. मी विचारलं, कपाळाला लावलंस का? तो ओरडला, "कपाळ नव्हतं दाखवलं, बाबा. सगळं कापड बांधलेलं होतं. कापडावर लावलं." अख्ख्या गल्लीने ऐकलं. माझ्या बहिऱ्या कानांपायी पोराला हे गल्लीला सांगावं लागलं.

ते काम माझं होतं. सवाशीण गेली तर शेवटचं कुंकू नवरा लावतो. मी जिवंत होतो, घरी होतो, किड्यांवर फवारत होतो.

मग मी त्याला माझं सांगितलं. मला ओरडावं लागलं नाही, त्याला ऐकू येतं. तो उठून कारखान्यात गेला, रविवार असून. रात्री आला तेव्हा जेवण झाकलेलं होतं, ते त्याने खाल्लं. अजून आम्ही बोललेलो नाही. उज्वला दोघांना वेगवेगळं वाढते.

तुझ्यावर राग नाही असं लिहायला बसलो होतो, पण ते खोटं होईल. आहे. तुझ्यावर आहे, शेखरवर आहे, मला रिक्षात बसवणाऱ्या हवालदारावर आहे. तू शेवटी सांगितलंस तेही मला कळतं.

दिवा दोन दिवस बंद आहे.

वर्षश्राद्धाचं उज्वलाने आजच विचारलं, भटजींना आधी सांगावं लागतं म्हणे. शेखरने तिच्याकडून निरोप दिला की ती सापडली त्या दिवसाची तिथी धरू, कागदावर तीच तारीख आहे. मी नाही म्हणालो. आषाढ शुद्ध त्रयोदशी धरायची. ती माझ्या मागून गेली तो दिवस मला माहीत आहे. श्राद्धाला मी बसणार, शेखर नाही. तू आदल्या दिवशी ये आणि तुझ्या डाव्या हाताची बाही वर करून बस, मला ते गोंदण बघायचं आहे.

सहादू